अर्ध्या कपाचा अर्थ

"छे! साफ चूक आहे हे."

रद्दीच्या दुकानापुढच्या ताडपत्रीखाली उभा असलेला एक माणूस हे मोठ्यानं म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळेना. दुकानदार आत गठ्ठे बांधत होता आणि बाहेर फक्त मी होते. त्या माणसाच्या हातात एक पुस्तक होतं. ते पुस्तक माझ्या वडिलांचं होतं.

श्रावणातली सर होती, ऊन असतानाच येऊन भिजवणारी. सकाळी राही आत्यानं जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग रद्दीवाल्याला दिला आणि त्या ढिगाच्या पोटात हे पुस्तकही गेलं. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. शाळा सुटल्याबरोबर छत्री उघडायचंही भान न ठेवता मी दुकान गाठलं होतं.

"काय चूक आहे?" मी विचारलं.

त्यानं मान वर केली नाही. "समासात कोणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय — हा माणूस भित्रा आहे, म्हणून दारातून परत फिरतो. भित्रा कसला? गोष्ट नीट वाचली असती तर..."

"ज्यांनी लिहिलंय त्यांनी ती गोष्ट जन्मभर वाचली होती."

"मग तर जास्तच..." तो थांबला. आता त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही ओळखता त्यांना?"

"ते माझे वडील."

पुस्तक चटकन मिटलं गेलं. त्याच्या चष्म्यावर पावसाचे थेंब होते. ते पुसायचं सोडून तो तसाच बघत राहिला.

"म्हणजे... वाकचौरे सर?" आवाज एकदम खाली आला होता. "मी कानिफनाथ मरकड. गेल्या महिन्यात कॉलेजात लागलो. त्यांच्या... त्यांच्याच जागेवर."

बाबा फाल्गुनात गेले. त्यांच्या जागेवर कोण येणार याचं एक चित्र मी मनात करून ठेवलं होतं — सुटलेलं पोट, तोंडात पान, आणि बोलण्यात खूप आत्मविश्वास. असा माणूस न आवडणं मला सोपं गेलं असतं. समोर उभा होता तो किडकिडीत होता, निम्मा भिजलेला होता, आणि माझ्यापेक्षा जास्त अवघडला होता.

"हे घ्या," त्यानं पुस्तक पुढे केलं.

"तुम्ही विकत घेतलंय ना?"

"चुकून विकलेल्या वस्तूचा सौदा आमच्याकडे धरत नाहीत." पण पुस्तक त्याच्या हातून सुटत नव्हतं. "फक्त... ती गोष्ट माझी अर्धी राहिली."

"भित्र्या माणसाची?"

"न भिणाऱ्या माणसाची," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

बाबांनी जन्मभर एकाच आयरिश लेखकाचा नाद केला. अकोले तालुक्यातल्या भातखाचरांतून इंग्रजी शिकायला बाहेर पडलेला घरातला पहिला माणूस तो. त्याला आयर्लंडचं एवढं काय, असं लोक विचारत. बाबा सांगत, "तिथंही सारखा पाऊस पडतो, आणि माणसं मनातलं बोलत नाहीत. आपल्या गावाहून वेगळं काय आहे?"

त्या लेखकाच्या गोष्टींत म्हणावं असं काही घडत नाही. एखादा कारकून असतो, एखादी लग्न राहून गेलेली बहीण असते. संध्याकाळ असते. बोलायची वेळ येते, माणूस दारापर्यंत जातो... आणि परत फिरतो. मग शेवटी एखादी अगदी साधी वस्तू, टेबलावरची बशी किंवा खुंटीवरचा कोट, अशी उजळून निघते की त्या माणसाला आपलं सगळं आयुष्य दिसतं. या गोष्टींवर बाबा मराठीत एक ग्रंथ लिहीत होते. नाव ठरलं होतं, "उंबऱ्यावरची माणसं". शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं.

वर्षश्राद्धाला ग्रंथ प्रसिद्ध व्हावा असं कॉलेजनं ठरवलं आणि शेवटचं प्रकरण पुरं करायचं काम नव्या प्राध्यापकाकडे दिलं. बाबांची टिपणं घरी होती आणि त्यांचं घाईतलं अक्षर फक्त मला लागत असे. म्हणून कानिफनाथ मरकड दर रविवारी केडगावच्या खोलीवरून सायकल मारत, अख्खं नगर शहर ओलांडून सावेडीला आमच्या घरी येऊ लागले.

आई माझ्या लहानपणीच गेली होती. घरात मी एकटी कशी राहणार, म्हणून बाबांची धाकटी बहीण, राही आत्या, गावाकडून येऊन राहिली होती. आमचं काम चाले तेव्हा ती मधल्या दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसे. एवढे तांदूळ आम्ही दोघी खात नव्हतो. तेच तेच पुन्हा निवडले जात असावेत.

"कुठलं म्हनायचं तुमी?" पहिल्याच रविवारी तिनं चौकशी सुरू केली.

"मढीचा. पाथर्डी तालुका."

"आगं बया! कानिफनाथाच्या गावचं, म्हनून कानिफनाथ व्हय? तिकडं पानी हाय का पन?"

"विहिरीत असतं, आत्याबाई. जरा वाकून बघावं लागतं."

आत्याला उत्तर आवडलं, पण तसं दाखवायचं नव्हतं. "आन् घरची काय करत्यात?"

"बाजरी. पाऊस धड नसला की ऊस तोडायला कारखान्यावर जातात. शाळेत होतो तोवर सुट्टीत मीही जायचो."

त्यांनी हे खाली मान न घालता सांगितलं. आत्याचं सूप थांबलं. "आमचा बा बी बासमतीसारखा तांदूळ पिकवायचा," ती म्हणाली, "आन् घरात आमी नागली खायचो." त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलताना आवाज चढवीनाशी झाली.

आम्ही भांडत असू. दुसरा शब्द नाही त्याला.

"सरांना प्रत्येक वस्तूत अर्थ दिसायचा," ते म्हणत. "बशी म्हणजे एकटेपण. छत्री म्हणजे आधार. अहो, छत्री कधी कधी नुसती पावसासाठी असते."

"तुमच्याकडे तर तीही नसते."

"विसरतो."

"दर रविवारी?"

"दर रविवारी पाऊस येईल असं कुठं माहीत असतं?"

"आणि आला की सायकल इथं ठेवून माझी छत्री घेऊन जाता. सायकल न्यायला पुन्हा सोमवारी हजर."

"आता यात काही अर्थ शोधू नका," ते घाईघाईनं म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले.

"मने," आतून आत्याचा आवाज आला, "तांदळात खडं लई हायेत. इकडं ये जरा."

एकदा — दिवाळी होऊन गेली होती, म्हणजे बाहेर, आमच्या घरात वर्षभर सण नव्हता, गोडधोडही नव्हतं — मी त्यांना विचारलं, "त्या दिवशी दुकानात तुम्ही 'छे' का म्हणालात? तो दारातून परत फिरणारा माणूस भित्रा नाही, तर मग कोण आहे?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला सांगा, तो दारात उभा असतो तेव्हा आत कोण असतं?"

"ती."

"तिला पावलं ऐकू येतात ना? मग ती का विचारत नाही... कोण आहे? काय हवंय? सगळं पुस्तक चाळून बघा. एकही माणूस दुसऱ्याला विचारत नाही, तुला काय हवंय. सर म्हणतात, त्याला बोलता आलं नाही. मी म्हणतो, त्याला कोणी विचारलंच नाही."

"विचारलं असतं तर?"

"तर गोष्ट कुठली राहिली असती? लग्नपत्रिका झाली असती."

मी हसले. बाबा गेल्यानंतर या घरात मी इतक्या मोठ्यानं हसले नव्हते. आत्यानं सुपातून वर पाहिलं, आणि पुन्हा खाली.

पण मी बाबांची मुलगी होते. वस्तूंकडे बघायची खोड मला त्यांच्याकडून आली होती. दर रविवारी मी मरकड सरांसाठी चहा करत असे, आणि दर रविवारी ते तो अर्धाच पीत. थंड झाला म्हणून टाकला, असंही नाही. पहिला घोट घेताना चेहरा जरासा ओढला जाई, मग निश्चयानं अर्ध्यापर्यंत येत, आणि कप हलकेच बाजूला सारत. तो अर्धा कप मी विसळायला नेई तेव्हा त्याचा अर्थ लावत असे. बाबांनी शिकवल्याप्रमाणे लावला तर एकच अर्थ निघत होता. या माणसाचं मन इथं नाही. काम संपवायला येतो, आणि संपेपर्यंत पुरेल एवढीच जवळीक ठेवतो.

अर्थ एकदा लागला की सगळी उदाहरणं त्यालाच जाऊन मिळतात. ते मला नावानं हाक मारत नसत. काम होताच दाराकडे बघत. मी मन आवरून घेतलं.

डिसेंबरात बांगलादेशची लढाई लागली. नगर लष्कराचं गाव, त्यामुळे ब्लॅकआऊट कडक होता. आम्ही बैठकीच्या खिडकीला जाड खाकी कागद चिकटवला. लढाई संपली तरी तो काढायचा राहून गेला. त्या दिवसांतही ते रविवार चुकवत नव्हते.

आणि मग आत्यानं विषय काढलाच.

घरातलं माणूस गेलं तर घरातलं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. आमच्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. माझं वय सव्वीस होतं. आत्या बोटांवर महिने मोजत बसे आणि सुस्कारे टाकी.

"ह्यो पौष सरला की माघात बघायला येत्यात," तिनं एका सकाळी सांगितलं. "साखर कारखान्यात केमिस्ट हाय. पोरगा सोन्यावानी. त्याच महिन्यात बार उडवून टाकू. रेशनच्या रांगेत उभं ऱ्हायाचं न्हाई, मने. त्याच्या घरी साखरंला तोटा न्हाई."

"बघू," मी म्हणाले.

"बघू काय? दुसरा कोनी हाय का नदरंत?"

मी उठून दूध बघायला गेले. आत्यानं ते उत्तर नीट ऐकून घेतलं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी शेवटचं प्रकरण संपलं. शेवटचं वाक्य त्यांनी वाचून दाखवलं, मी मान हलवली. त्यांनी टोपण घट्ट बसलेलं पेन पुन्हा घट्ट बसवलं. मी कागद जुळवले, जे जुळलेलेच होते.

"आत्याबाई सांगत होत्या... माघात पाहुणे येणार आहेत."

"हो."

"चांगलं आहे." मग पुन्हा, "चांगलंच आहे."

ते उठले. टेबलावर कप राहिला. अर्धा.

ते पायऱ्या उतरले, सायकलला हात लावला. मी दारात आले आणि उंबऱ्यावर थांबले. आणि माझ्या लक्षात आलं की मी कुठं उभी आहे. बाबांच्या ग्रंथातली सगळी माणसं जिथं उभी राहून गप्प बसली होती, तिथं. पावलं दूर जात होती आणि आत मी होते... त्या गोष्टीतली बाई, जी विचारत नाही.

"एक विचारू?"

ते चटकन वळले. जणू वाटच बघत होते.

पण जे विचारायचं होतं ते ओठांवर येईना. आलं ते दुसरंच. "तुम्ही चहा नेहमी अर्धा का ठेवता?"

"चहा?" ते गोंधळले. "नाही, म्हणजे... ठीक असतो चहा."

"खरं सांगा."

"फार गोड असतो हो," ते कसेबसे म्हणाले. "पाक असतो नुसता."

मी चहा घेत नाही. आत्याला तिचा गुळाचा कोरा चहा लागतो, तो ती स्वतः करते. तो चहा त्यांच्याशिवाय कोणी चाखलाच नव्हता. मी आधणासमोर उभी राहते, डबा उघडते, चमचा भरते... आणि माझा हात मला डोळ्यांसमोर दिसला. एक, दोन, आणि शीग लावून तिसरा. भाताच्या लावणीत भिजून आलेल्या पोराला त्याची आई मुद्दाम जास्त गोड चहा द्यायची. तेव्हापासून बाबांना तसाच लागे. गोडधोड बंद असलेल्या घरात मी दर रविवारी बाबांचा चहा करत होते.

"सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"स्टाफरूममधला शिपाई अजून सांगतो, वाकचौरे सर कसा चहा प्यायचे ते. पहिल्या दिवशी घोट घेतला आणि कळलं, हा माझ्यासाठी केलेला नाही." ते हळूच म्हणाले, "तुम्ही करत होता, तर मी कसा मोडता घालू? जेवढा झेपला तेवढा प्यायलो."

मला रडू आलं. बाबांना नेलं तेव्हा आलं नव्हतं, दहाव्याला आलं नव्हतं. ते आता, भर दुपारी, उंबऱ्यावर आलं. आणि त्यातच हसूही आलं, कारण इतके महिने मी त्या अर्ध्या कपावर केवढा प्रबंध मनात रचला होता!

"तुम्ही माझ्या कपाचाही अर्थ लावलात?" त्यांनी अविश्वासानं विचारलं.

"लावला."

"काय निघाला?"

"की तुम्हाला इथून लवकर जायचं असतं."

"मला?" ते दोन पायऱ्या वर आले. "तुम्हीच तर हल्ली दार सताड उघडं ठेवता! मी म्हटलं, काम झालं की निघावं, असं सुचवताय."

"दार लावलं तर आत दिसत नाही. खिडकीला अजून ब्लॅकआऊटचा कागद आहे."

आम्ही दोघांनी खिडकीकडे पाहिलं. खाकी कागद एका कोपऱ्यात सुटून वाऱ्यानं फडफडत होता. आणि आम्ही साहित्याची माणसं...!

"आणखी एक विचारू?" मी डोळे पुसले.

"विचारा."

आत सुपाचा आवाज थांबला.

"तुम्हाला काय हवंय?"

"म्हणजे... प्रकरणाच्या शेवटी?"

"खड्ड्यात गेलं प्रकरण!"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "रविवार हवेत," ते म्हणाले. "प्रकरण संपल्यानंतरचेही. आणि तुमची हरकत नसेल तर... मधले वारसुद्धा."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"सरांच्या जागेवर आलो. सरांच्या ग्रंथावर काम करतो. सरांचा चहा पितो. आता सरांची मुलगीही मागायची? माणसानं एका घरातून किती घ्यावं?" ते थांबले. मग म्हणाले, "आणि तुम्हाला? तुम्हाला काय हवंय, मनकर्णा?"

माझं नाव आजीचं आहे, जुनं. शाळेत मुली त्याला हसत. त्या दुपारी ते मला पहिल्यांदा माझं वाटलं.

"सगळे बाबांना थोर म्हणतात," मी म्हणाले. "थोर म्हटलं की माणूस पुरता गेल्यासारखा वाटतो. तुम्ही त्यांना चूक म्हणता, त्यांच्याशी भांडता, तेव्हा ते आतल्या खोलीत बसून ऐकताहेत असं वाटतं. मला असं भांडणारं माणूस घरात हवंय."

"बस? एवढंच?"

"आणि ते माणूस तुम्हीच हवे आहात. झालं समाधान?"

लांबून आणलेला भरला हंडा डोक्यावरून उतरवल्यावर मान आपोआप सरळ होते, तसं काहीतरी झालं. दोघांचंही. आम्ही नुसते उभे होतो आणि श्वास मोकळा येत होता.

"आता आत तरी या," राही आत्या मधल्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "गल्ली ऐकतीय. मी रोज देवाला म्हनायचे, ह्यातलं एक तरी तोंड उघडू दे. श्रावनापासून त्येच तांदूळ निवडतीय, पार चुरून कन्या झाल्या त्यांच्या! तुमचं आईबाप कुटं असत्यात, मास्तर?"

"आत्ता कारखान्यावर आहेत, ऊसतोडीला. मी उद्याच जाऊन सांगतो."

"जावा. आन् मुकादमाला बी सांगा, माघात सुट्टी पायजे म्हनावं. भावकीचं मी बघते. त्या केमिस्टाला बी कळवते." ती माझ्याकडे वळली. "काय गं, पान्याकाठची तू. ऱ्हाशील का त्या कोरड्या मुलखात?"

"वाकून बघेन विहिरीत," मी म्हणाले.

मी आत जाऊन आधण ठेवलं. डबा उघडला. एक चमचा घातला. दुसरा भरला... आणि क्षणभर तसाच धरून ठेवला. मग तो परत डब्यात ओतला, आणि झाकण लावलं. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. 

बाहेर ते स्टुलावर चढून खिडकीचा कागद सोलत होते. सगळ्या खोलीत ऊन आलं होतं, बाबांच्या खुर्चीवरसुद्धा. ग्रंथात बाबांचं समासातलं ते "भित्रा आहे" तसंच राहू द्यायचं, आणि खाली यांचं "छे" छापायचं, असं आम्ही तिथंच ठरवलं.

त्यांनी कप हातात घेतला. आत्या टक लावून बघत होती.

"कमी गोड हाय व्हय?"

"अगदी बेताचा आहे, आत्याबाई. मला एवढाच लागतो."

आत्यानं कपाळावर हात मारला. "घ्या! साखर कारखान्याचा जावई सोडला, आन् मिळाला त्यो साखर न खानारा!"

ते ठसका लागेपर्यंत हसले. मग कप खाली ठेवला.

तो रिकामा होता. मी त्याचा काहीही अर्थ लावत बसले नाही.